कुत्रा पाळलाय? मग आधी इमारतीचा कागद पाहा

चिकू घरी आला तेव्हा दोन तळहातांत मावत होता. नागपुरात त्रिमूर्तीनगरातला आमचा फ्लॅट, मे महिना, आणि हा गडी कूलरसमोर पाय पसरून झोपलेला. दोन वर्षांनी त्याच्यापायी दारात बेलिफ, म्हणजे समन्स घेऊन येणारा कोर्टाचा माणूस, उभा राहिला.

खालच्या मजल्यावरचे काकाजी सुरुवातीला साधंच बोलले होते. "भाऊ, तुमचं कुत्रं रात्रभर भुकून राह्यलं न. झोपच नाही होत." मी हसून वेळ मारून नेली. पुढचं सगळं त्या हसण्यातून निघालं. आधी कमिटीची नोटीस आली, मग लिफ्टमध्ये चिकटवलेला कागद, दिवसाला पाचशे रुपये दंड, मग मी ठोकलेला दावा आणि शेवटी काकाजींनी माझ्यावर ठोकलेला दावा. माझा दावा चुकीच्या कोर्टात होता हे मला सात महिन्यांनी कळलं. तोवर फीही गेली होती आणि शेजारही.

मी वकील नाही. तुमचे कागद वकिलाला दाखवाच. पण जाण्याआधी हे वाचून गेलात, तर त्याला काय विचारायचं हे तरी माहीत असेल. कुत्र्याचं उदाहरण घेतलंय, कारण भांडणं बहुतेक त्याच्यावरूनच होतात. मांजरवाल्यांनाही यातलं बरंच लागू पडतं.

१. तुमची स्कीम 'सोसायटी' आहे की 'अपार्टमेंट'?

नागपुरात आपण सगळ्याच इमारतींना 'फ्लॅट स्कीम' म्हणतो आणि देखभालीचे पैसे गोळा करणाऱ्या मंडळाला 'सोसायटी'. बोलायला ठीक आहे, पण कायद्यात या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि वाद कुठल्या कोर्टात जाईल ते त्यावरच ठरतं.

सहकारी गृहनिर्माण संस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेली असते. तिच्याकडे सहकार खात्याचं नोंदणी प्रमाणपत्र असतं आणि तुमच्याकडे भाग दाखला, म्हणजे शेअर सर्टिफिकेट. सभासद आणि संस्था यांच्यातला संस्थेच्या कारभाराबद्दलचा वाद कलम ९१ प्रमाणे सहकार न्यायालयात जातो.

आपल्याकडच्या कितीतरी स्कीम मात्र महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप अधिनियम, १९७० खालच्या आहेत. तिथे बिल्डरने दुय्यम निबंधकाकडे 'डीड ऑफ डिक्लरेशन' नोंदवलेलं असतं. तुमच्या नावावर अपार्टमेंट डीड असतं आणि त्यात जमिनीतला तुमचा अविभक्त हिस्सा टक्क्यांत लिहिलेला असतो. इथे कलम ९१ चा संबंध नाही. उपविधी, म्हणजे स्कीमचे लेखी नियम, कोणी मोडले तर त्याच्याविरुद्ध नुकसानभरपाई किंवा मनाई मागता येईल, असं या कायद्याचं कलम ७ सांगतं, आणि त्यासाठी दिवाणी न्यायालयात जावं लागतं.

तिसरा प्रकारही आहे. कुठेच नोंदणी नाही, चार जणांनी मिळून एक वही केली आणि दर महिन्याला पैसे गोळा करतात. अशा मंडळाच्या 'नियमां'ना कायद्याचं बळ जवळपास नाही. तरी त्यांच्याशी उद्धट वागू नका. पाण्याची मोटर तेच चालू करतात.

माझं काय झालं? एका नातेवाइकाने सांगितलं, "सोसायटीचं मॅटर म्हणजे सहकार कोर्ट." मी गेलो. समोरच्या वकिलाने पहिल्याच उत्तरात आमचं डीड ऑफ डिक्लरेशन जोडलं. ही संस्था सहकारी नाही, सबब हे कोर्ट नाही. मुद्दा बरोबर होता. माझ्या कपाटातल्या अपार्टमेंट डीडच्या पहिल्याच पानावर १९७० च्या कायद्याचं नाव छापलेलं होतं. मी ते पान फ्लॅट घेतला त्या दिवसानंतर उघडलंच नव्हतं.

तेव्हा आज संध्याकाळी एवढं करा: डीड आणि सूची क्रमांक दोन (नोंदणीचा 'इंडेक्स टू' उतारा) कपाटातून बाहेर काढा, आणि सचिवांकडे उपविधींची प्रत लेखी मागा. मागणीची पोच घ्या.

२. कुत्र्याची फाइल

एक साधी प्लॅस्टिकची फाइल करा. वाद झाला नाही तरी ती उपयोगी पडतेच.

- महापालिकेकडे केलेल्या नोंदणीची पावती किंवा परवाना. आपल्या मनपाचे दहा झोन आहेत, लक्ष्मीनगरपासून मंगळवारीपर्यंत. चौकशी तुमच्या झोन कार्यालयात सुरू करा. मुदत कधी संपते ते पावतीवरच पाहा आणि कॅलेंडरवर लिहून ठेवा.
- लसीकरणाचं पुस्तक. रेबीजची लस पिल्लू तीन महिन्यांचं झाल्यावर आणि पुढे दरवर्षी. प्रत्येक नोंदीवर डॉक्टरांची सही, शिक्का, पशुवैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक आणि लसीच्या बाटलीवरचं स्टिकर हवं. नुसत्या तारखा लिहिलेलं पुस्तक कोर्टात लंगडं पडतं.
- नसबंदी केली असेल तर त्याचा दाखला.
- कुत्रा विकत घेतला असेल तर बिल, दत्तक घेतला असेल तर दत्तकपत्र. चिकू रस्त्यावरचा. माझ्याकडे काहीच नव्हतं. शेवटी सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यक महाविद्यालयातल्या दवाखान्यातलं पहिल्या तपासणीचं केसपेपर शोधून काढलं. त्यावर माझं नाव, कुत्र्याचं वर्णन आणि तारीख होती. तेच मालकीच्या पुराव्यासारखं वापरलं.
- चारही बाजूंनी काढलेले फोटो, आणि मायक्रोचिप असेल तर तिचा क्रमांक.
- शेजाऱ्यांशी, कमिटीशी झालेला सगळा पत्रव्यवहार, तारखेप्रमाणे लावलेला.

शेवटची ओळ लोक गांभीर्याने घेत नाहीत. व्हॉट्सअॅप ग्रुपवरचं भांडण म्हणजे पुरावाच, पण स्क्रीनशॉट काढून भागत नाही. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं. जुन्या पुरावा कायद्यातलं, वकील ज्याला '६५ ब' म्हणायचे तेच, फक्त आता त्याचे दोन भाग असतात आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे तिची डिजिटल ओळखखूण, लिहावी लागते. मूळ मेसेज आणि मूळ फोन जपून ठेवा. आणि सीसीटीव्ही! चित्रण साठवणारा डीव्हीआर काही दिवसांनी जुनं चित्रण आपोआप पुसतो. घटना घडली की त्याच दिवशी चित्रण राखून ठेवण्याची लेखी मागणी करा. मी दहाव्या दिवशी मागितलं, तोवर सगळं पुसलं गेलं होतं.

३. कायदा काय देतो, काय मागतो

आधी देणं. कुत्रा पाळायला सरसकट बंदी घालण्याचा अधिकार कमिटीला नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २६ फेब्रुवारी २०१५ रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत हे स्पष्ट लिहिलंय. बहुमताने ठराव करूनसुद्धा पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, अमुक आकाराचाच कुत्रा पाळा असं म्हणता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही. या सूचनांची प्रत फाइलमध्ये ठेवा. पण ती हातात घेऊन सभेत नाचू नका. त्या सूचना आहेत, संसदेने केलेला कायदा नव्हे, आणि त्यात मालकांनी काय करावं हेही लिहिलंय: पट्टा बांधून न्या, घाण उचला, भुंकणं आवरायचा प्रयत्न करा. समोरचा वकील नेमकं तेच पान वाचून दाखवतो.

दंडाचंही तसंच. सोसायटी असो की अपार्टमेंट, दंडाला उपविधीत आधार लागतो, सभेचा ठराव लागतो आणि तुम्हाला बाजू मांडायची संधी द्यावी लागते. सचिवांनी रागाच्या भरात लिफ्टमध्ये चिकटवलेला कागद यात बसत नाही.

आता मागणं. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० च्या कलम ११ प्रमाणे प्राण्याला मारणं तर गुन्हा आहेच, पण विनाकारण सोडून देणं आणि कायम साखळीला बांधून ठेवून फिरवायला न नेणं हेही गुन्हेच आहेत. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. आकडा चुकलेला नाही. १९६० साली ठरला तो तसाच राहिलाय. पण भारतीय न्याय संहितेची कलमं तितकी स्वस्त नाहीत. कलम ३२५ प्रमाणे प्राण्याला मारून टाकणं, विष घालणं किंवा अपंग करणं याला पाच वर्षांपर्यंत कैद. आणि मालकांनी पाठ करावं असं कलम २९१: आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत संभवत असताना पुरेशी काळजी घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

४. रस्त्यावरच्या कुत्र्यांना खायला घालत असाल तर

हा विषय वेगळा आहे आणि नागपूरकरांनी तो नीट समजून घ्यावा, कारण त्याची मोठी लढाई आपल्याच सिव्हिल लाइन्समध्ये झाली. २० ऑक्टोबर २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सार्वजनिक जागी भटक्या कुत्र्यांना खायला घालण्यास मनाई केली. ज्यांना घालायचं त्यांनी ती दत्तक घ्यावीत, मनपाकडे नोंद करावी, असं म्हटलं. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाच्या अंमलाला आवर घातला आणि खाऊ घालण्याच्या जागा ठरवायला सांगितलं. त्यानंतर प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ आले. त्यांच्या नियम २० प्रमाणे जिने, इमारतीची प्रवेशद्वारं आणि मुलांच्या खेळायच्या जागा टाळून, ठरावीक ठिकाणी, ठरावीक वेळी खायला घालायचं. जागेवरून वाद झाला तर प्राणी कल्याण समिती नेमायची. २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानेही ठरावीक जागीच खायला घाला हे पक्कं केलं.

गेटसमोर पोळ्या टाकून 'माझा हक्क' म्हणणाऱ्याला यातलं काहीच वाचवत नाही. झोन कार्यालयात अर्ज करून तुमच्या भागातली जागा कोणती ते लेखी विचारा. उत्तर आलं नाही तर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकाराचा अर्ज टाका. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

५. चावा घेतला तर

तुमच्या कुत्र्याने कोणाला चावलं तर भांडण बाजूला ठेवा. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्या माणसाला मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयात घेऊन जा, स्वतः. खोल जखम असेल तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही लागतं. कुत्र्याच्या लसीचं पुस्तक डॉक्टरांना दाखवा. कुत्रा दहा दिवस नजरेखाली ठेवा, कुठेही पाठवू नका. पुरावा लपवला असा आरोप इथूनच सुरू होतो.

खर्च तुम्ही दिलात तर पावती करा. त्यात 'उपचाराच्या खर्चापोटी' एवढंच लिहा, चूक कबूल केल्याची भाषा नको. मला कोरडेपणा सांगायचा नाही. माफी तोंडाने मागा, मनापासून मागा. कागदावर फक्त रक्कम आणि कारण.

जखमी माणूस भरपाईचा दिवाणी दावा करू शकतो. मुदत साधारण तीन वर्षं. त्यात औषधांची बिलं, बुडालेला रोज, वेदना असे मुद्दे येतात, आणि खरा प्रश्न असतो निष्काळजीपणाचा: पट्टा होता का, गेट उघडं होतं का, कुत्रा आधी कोणावर धावला होता का आणि ते तुम्हाला माहीत होतं का. 'एका दाताच्या खुणेला दहा हजार' असा एक मेसेज फिरतो. तो निकाल २०२३ चा, पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाचा, आणि तिथल्या सरकारांनी द्यायच्या भरपाईबद्दलचा. नागपुरात शेजाऱ्याकडे तो दाखवून पैसे मागता येत नाहीत.

भटक्या कुत्र्याने चावलं आणि मनपावर दावा करायचा असेल तर मुदतीकडे फार लक्ष द्या. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४८७ प्रमाणे आधी एक महिन्याची नोटीस द्यावी लागते आणि दावा सहा महिन्यांत दाखल करावा लागतो. 'तीन वर्षं आहेत' म्हणून बसलात की हातचं जाईल.

६. पोलीस स्टेशन की दिवाणी कोर्ट?

भुंकणं, वास, लिफ्ट, दंड हे सगळं दिवाणी. ठाण्यात गेलात तर फार तर अदखलपात्र नोंद होईल, म्हणजे 'एनसी'. तिची प्रत घेऊन फाइलमध्ये लावा, पुढे तारखा जुळवायला कामी येते. पण एनसी झाली म्हणजे पोलीस शेजाऱ्याला उचलतील असं समजू नका. त्याचप्रमाणे तुमच्याविरुद्ध एनसी झाली म्हणून रात्र जागून काढू नका.

विष घालणं, काठीने पाय मोडणं, चाव्याने गंभीर दुखापत: इथे पोलीस. कुत्रा मेला असेल तर शवविच्छेदन करून घ्या. घाईने पुरलं की कलम ३२५ ची तक्रार तिथेच गार पडते.

मधला एक रस्ता आहे. सार्वजनिक उपद्रव किंवा धोकादायक प्राणी असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकारी त्याला बंदिस्त ठेवायचा हुकूम देऊ शकतात. हे वस्तीच्या त्रासासाठी आहे, एका फ्लॅटच्या झोपेसाठी नाही.

७. नोटीस आल्यावरचे पंधरा दिवस

वकिलाची नोटीस आली की माणूस एक तर घाबरतो किंवा ती फाडतो. दोन्ही करू नका. लिफाफासुद्धा ठेवा, त्यावर टपालाची तारीख असते. नोटीस म्हणजे दावा नव्हे. पण उत्तर दिलं नाही तर पुढे 'नोटीस मिळूनही गप्प राहिले' हे वाक्य दाव्यात येतंच.

उत्तर छोटं द्या. आरोप क्रमाने घ्या, काय मान्य, काय अमान्य ते लिहा, आणि तुम्ही काय केलंत ते सांगा. मी पहिल्या उत्तरात काकाजींच्या नातवाच्या सायकलचा, गच्चीवरच्या पापडांचा आणि २०१९ च्या होळीचा उल्लेख केला होता. पुढे मध्यस्थीच्या टेबलावर ते पत्र माझ्यासमोर ठेवलं गेलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आणि हे ठळक अक्षरांत वाचा: कॅव्हेट दाखल करा. समोरचा माणूस दावा करून तात्पुरती मनाई मागेल असं वाटत असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८अ खाली तुम्ही आधीच कोर्टात सांगून ठेवू शकता की माझं ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका. ती नव्वद दिवस चालते, मग पुन्हा भरावी लागते. खर्च किरकोळ. मला हे माहीत नव्हतं, म्हणून बेलिफ आला तो समन्ससोबत एकतर्फी हुकूम घेऊनच: पुढच्या तारखेपर्यंत कुत्रा बाल्कनीत ठेवायचा नाही.

८. दावा कसा चालतो

कोर्टाचे शब्द आधी शिकून घ्या, नाहीतर पहिल्या दिवशी काहीच कळत नाही. दावा करणारा वादी, ज्याच्यावर केला तो प्रतिवादी. तात्पुरत्या मनाईच्या अर्जाला सगळे 'निशाणी ५' म्हणतात. रोज काय झालं त्याची नोंद म्हणजे रोजनामा. तोंडी नव्हे तर लेखी कळवलेलं छोटं निवेदन म्हणजे पुरसिस.

समन्स हातात पडल्यापासून तीस दिवसांत लेखी जबाब, म्हणजे कैफियत द्यायची. कोर्टाच्या परवानगीने ती मुदत नव्वद दिवसांपर्यंत वाढते. 'वकीलसाहेब पाहतील' म्हणून सोडू नका. तारीख स्वतः पाहा. प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक असतो, तो ई-कोर्ट्सच्या अॅपमध्ये टाकला की पुढची तारीख आणि टप्पा दिसतो. गैरहजर राहून दावा एकतर्फी निकाली निघाला, तर तो हुकूमनामा रद्द करायला तीस दिवसांत अर्ज करावा लागतो आणि गैरहजेरीचं पटणारं कारण द्यावं लागतं.

शेजाऱ्यांच्या भांडणात खरी लढाई निशाणी ५ वरच होते. कोर्ट तीन गोष्टी पाहतं: वादीचं म्हणणं वरवर पाहता टिकणारं आहे का, हुकूम न दिल्यास जास्त नुकसान कोणाचं, आणि ते नुकसान पैशांनी भरून निघेल का. इथे माझी फाइल कामी आली. लसी, नसबंदीचा दाखला, चिकूच्या पट्ट्याची आणि रोज पहाटे पाचच्या फेरीची माहिती. (उन्हाळ्यात नागपुरात दुसरी वेळच नाही, डांबराने पंजे भाजतात.) शेजारच्या दोन फ्लॅटवाल्यांनी प्रतिज्ञापत्र दिलं. काकाजींकडे रात्रीच्या भुंकण्याची रेकॉर्डिंग होती. खरं सांगायचं तर ती ऐकून मीच खजील झालो. आम्ही लग्नाला गेलो की चिकू बाल्कनीत एकटा असायचा, आणि तो खरंच रात्र रात्र भुंकत होता.

उपद्रवाच्या दाव्यात कसोटी ही असते की सामान्य माणसाला सामान्य परिस्थितीत हा त्रास खरोखर मोठा वाटेल का. दिवसा दोनदा भुंकणं त्यात बसत नाही. रात्री एक ते चार, महिनाभर, बसू शकतं. जागेबद्दल दोन्ही बाजू वेगवेगळं सांगत असतील तर कोर्ट कमिशनर नेमून पाहणी करता येते.

निशाणी ५ नंतर कोर्ट वादाचे मुद्दे काढतं, मग पुरावा प्रतिज्ञापत्रावर, मग उलटतपास, युक्तिवाद, निकाल. हे सगळं होईपर्यंत कुत्रा म्हातारा होतो. अतिशयोक्ती नाही.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १५१०० या क्रमांकावर विचारता येतं.

९. तुमचा वाद वेगळाच असेल तर

भाडेकरू असाल तर तुमची ढाल पातळ आहे. कमिटी बंदी घालू शकत नाही, पण घरमालक करारात 'प्राणी नको' असं लिहू शकतो, आणि तुम्ही सही केली असेल तर ते बांधतं. शेजाऱ्यांना उपद्रव हे भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १६ प्रमाणे घर खाली करून मागायचं एक कारणही आहे. सही करण्याआधी कुत्र्याचा उल्लेख करारात घालून घ्या.

आजारी पिल्लू विकलं, किंवा डॉक्टरच्या हलगर्जीपणामुळे प्राणी दगावला: जिल्हा ग्राहक आयोग. दोन वर्षांची मुदत, दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, ऑनलाइन तक्रार चालते, १९१५ वर सल्ला मिळतो. पक्कं बिल नसेल तर मात्र पाय टेकायला जागा नाही. आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकणं २०१७ च्या नियमांप्रमाणे चालत नाही, हेही विक्रेत्याला ऐकवा.

घर मोडलं, कुत्रा कोणाचा? कायद्याच्या लेखी कुत्रा ही जंगम मालमत्ता. मुलाच्या ताब्यासारखा विचार कायद्यात नाही. विशिष्ट वस्तू परत मिळावी म्हणून दावा करायचा, आणि मग बिल, लसीचं पुस्तक, परवाना कोणाच्या नावावर आहे ते पाहिलं जातं. दोघांचीही नावं लावून ठेवणाऱ्यांनी आधीच विचार करावा.

आणि पोपट. आजीच्या काळापासून पिंजऱ्यात 'मिठू' असला तरी आपला देशी पोपट वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो, पाळता येत नाही. सेमिनरी हिल्सला वनविभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, तिथे आधी विचारून पक्षी सोपवा. शेजाऱ्याशी कुत्र्यावरून भांडताना गॅलरीत पोपटाचा पिंजरा टांगलेला नसावा, एवढं तरी बघा.

१०. मध्यस्थी

कोर्टाने आम्हाला मध्यस्थीला पाठवलं तेव्हा मला ती वेळ मारून नेणं वाटलं. एका खोलीत टेबल, आम्ही दोघं, दोन वकील आणि मध्यस्थ बाई. त्यांनी पहिला प्रश्न काकाजींना विचारला, "तुम्हाला नेमकं काय पाहिजे?" काकाजी म्हणाले, "रात्री झोप." दावा दाखल झाल्यापासून हे वाक्य कोणी लिहूनच घेतलं नव्हतं. दाव्यात कुत्रा इमारतीतून काढा अशी मागणी होती.

तडजोड करायला बसाल तेव्हा अटी मोजता येतील अशा लिहा. 'कुत्र्याला शांत ठेवीन' ही अट नाही. आमच्या अटी अशा होत्या: रात्री दहा ते सकाळी सहा चिकू बाल्कनीत नाही, दार बंद. आम्ही बाहेरगावी गेलो तर तो घरी एकटा राहणार नाही. लिफ्टमध्ये पट्टा आखूड, कोणी आत असेल तर आम्ही थांबू. त्रास झाला तर काकाजी आधी फोन करतील आणि दोन दिवस वाट पाहतील. कमिटीने लावलेला दंड मागे. तो शेवटचा मुद्दा घालायचा तर असोसिएशनलाही तडजोडीवर सही करावी लागते, हे आमच्या लक्षात शेवटच्या क्षणी आलं आणि एक तारीख वाढली.

तडजोड कोर्टात दाखल झाली की तिच्याप्रमाणे हुकूमनामा होतो. लोकअदालतीत मिटवलंत तर तो निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही, आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. अट मोडली तर नवा दावा करायचा नाही, त्याच हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीची दरखास्त द्यायची.

हुकूमनाम्याच्या दोन प्रमाणित नकला लगेच मागून घ्या. एक फाइलला, दुसरी असोसिएशनला पोच घेऊन द्या. कमिटी बदलते आणि जुना सचिव नव्याला काही सांगत नाही. आमच्याकडे नव्या सचिवांनी पहिल्याच आठवड्यात लिफ्टपाशी अडवलं, "कुत्रं लिफ्टमध्ये चालत नाही." मी काही बोललो नाही, वर जाऊन नक्कल घेऊन आलो. त्यांनी उभ्या उभ्या वाचली, चिकूकडे एकदा पाहिलं आणि लिफ्टचं दार धरून ठेवलं.